माझं चित्र काढ म्हणावं

संचालक होऊन तुम्ही काय दिवे लावले, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, की दिवेच लावले. शिडीवर चढून, एकेक दिवा फिरवत, कुठल्या चित्रावर किती उजेड पडायला हवा ते बघत. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात एक कलादालन आहे, आणि मी, त्रिवेणी, त्याची संचालक. पद ऐकून लोकांना वाटतं, बाई रेशमी साडी नेसून चित्रांपुढे इंग्रजी झाडत असेल. तेही करते, वर्षातून एखाददा. एरवी पाली हाकलते, भिंतींची भोकं बुजवून घेते, आणि प्राचार्यांना पुन्हा पुन्हा समजावते, की ही जागा परीक्षेची जादा बाकं ठेवायला बांधलेली नाही.

जागा मात्र अशी आहे की भांडायला बळ येतं. हैदराबादचा हा भाग सगळा खडकाळ. इमारत बांधताना एक धोंडा काही केल्या हलेना, सुरुंगाची परवानगी मिळेना, तेव्हा बांधणाऱ्यानं वैतागून त्यालाच मागची भिंत करून टाकलं. त्यामुळे मोठ्या दालनात तीन भिंती पांढऱ्या आणि चौथा खडक. दिवसभर तो ऊन पितो आणि संध्याकाळी हळूहळू परत देतो. छताजवळ काचेची एक लांब फट आहे. तिच्यातून उतरलेला उजेड दुपारभर फरशीवरून सरकत असतो, कुठं जायची घाई नसल्यासारखा. डबा खाल्ला की मी स्टूल घेऊन खडकाला पाठ टेकते, आणि मग मी जागी आहे की झोपलेय हे माझं मलाच सांगता येत नाही. चित्रांतली माणसं खाली उतरून, पाणी पिऊन, पुन्हा आपल्या जागी गेलेली मी पाहिली आहेत. हे मी प्राचार्यांना सांगितलेलं नाही. आधीच ते माझ्याकडे जरा जपूनच बघतात.

या फेब्रुवारीत इथं शिवानीचं प्रदर्शन लागायचं होतं. शिवानी आमचीच विद्यार्थिनी. कॉम्प्युटरची डिग्री घेतली, घरी नेऊन दिली, आणि रंगांच्या मागे लागली. तिची आई मनकर्णाबाई सिटी बसवर कंडक्टर आहेत. माणसं मूळची परभणीकडची, पण शिवानी जन्मली, वाढली ती दिलसुखनगरात. तिचं मराठी घरातल्या घरात वापरलेलं, त्यात अर्धं दखनी आणि उरलेल्यात तेलुगू. मराठी पाटी वाचायला दिली तर अक्षर अक्षर लावत बसते. पण हात असा, की मला हेवा वाटतो, आणि हेवा मला सहसा वाटत नाही.

प्रदर्शनाचं नाव तिनं ठेवलं होतं 'आई घरी नाही'. लहानपणी दारावर कुणी आलं की ती हेच सांगायची. चित्रंही तशीच होती, आई नसलेल्या घराची. झाकून ठेवलेलं ताट. गळ्यात अडकवायच्या नाडीला बांधलेली किल्ली. गॅलरीत वाळत घातलेले ड्यूटीचे कपडे, बाहीतून वारा शिरलेला. बुद्धपौर्णिमेला इस्त्री करून ठेवलेली पांढरी साडी, नेसायला कुणी नाही. सगळ्या घरात पहाटेचा तो निळसर उजेड, ज्यात लेकरू जागं होतं आणि अंथरुणाची शेजारची बाजू हातानं चाचपून बघतं.

आई असलेलं चित्र एकच. पण ते दाराएवढं मोठं. आई उंबरा ओलांडते आहे, पाठमोरी. खांद्याला बॅग, घट्ट पिना लावलेला अंबाडा, जरा वाकलेली मान. पलीकडे उजाडायचं आहे आणि ती त्या अंधुकात निघाली आहे. मधल्या भिंतीवर ते टांगलं आणि माझ्या दुपारीच बदलल्या. डोळे मिटायला लागले, की ती बाई माझ्यासमोरून भिंतीत शिरायची. एकदा तर मी झोपेत "जपून जा हं" म्हणाले, आणि दचकून उठले, तर शिवानी माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, तुम्ही पण तिला बाय करायलात," ती म्हणाली. हसली, पण डोळ्यांनी नाही हसली.

"चेहरा का नाही गं तिचा एकाही चित्रात?"

"येत नाही मला. आठवायला बसले ना, तर फेसच येत नाही समोर. पाठ एकदम साफ दिसते. कायकू की, कुणास ठाऊक." मग ती ब्रशच्या टोकानं नख कोरत राहिली. "मॅडम, उद्घाटनाला दुसरं कोणी नाही आलं तरी चलता. आई आली पाहिजे. तिनं हे बघितलं पाहिजे. बघून ती काय बोलेल, बस तेच ऐकायचंय मला."

आणि तिला त्याचीच भीती होती. शिवानी अलीकडे मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती. आईनं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. फोनवर बोलावलं, तर "बघते, ड्यूटी बदलून मिळाली तर" एवढंच उत्तर आलं होतं. हे उत्तर शिवानी जन्मल्यापासून ऐकत आली होती. मला त्या पोरीची फार माया आली, आणि माया आली की मी रागावते. "उगाच नखं कोरत बसू नकोस, जा, चित्रं टांगायची तार घेऊन ये," असं म्हणून मी तिला अफझलगंजच्या बाजारात पिटाळलं.

ही उद्घाटनाच्या आदल्या दिवसाची दुपार. शिवानी गेली आणि मी माझ्या स्टुलावर टेकले. उजेड फरशीच्या मध्यावर आला होता. बाहेर मोर ओरडत होता, आणि आत पंख्याच्या वाऱ्यानं चित्रांखालच्या कागदी चिठ्ठ्या फडफडत होत्या. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मला दिसलं, की चित्रातली बाई बाहेर आली आहे आणि स्वतःच्या चित्राकडे बघत उभी आहे. तीच बॅग, तोच अंबाडा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग तिनं खाकरून "मॅडम" म्हटलं, आणि मी ताडकन उभी राहिले.

मनकर्णाबाई होत्या. ड्यूटीच्या कपड्यात, गळ्यात तिकिटाचं मशीन. त्यांना आज नेमकी आमच्या गेटपर्यंत येणारी बस मिळाली होती आणि गाडी फिरायच्या आत त्या धावत आल्या होत्या. मी गडबडीनं सगळे दिवे लावले. त्यांनी बाकीच्या चित्रांवरून नजर फिरवली, ताटाशी जरा थांबल्या, आणि परत त्या दाराएवढ्या चित्रापुढे येऊन उभ्या राहिल्या. किती वेळ, कोण जाणे. एक मनकर्णाबाई निघून चालल्या होत्या आणि दुसऱ्या त्यांना निरोप द्यायला थांबल्या होत्या. मध्येच त्यांनी हात मागे नेऊन स्वतःचा अंबाडा चाचपला.

"अंबाडा बराबर आहे," त्या म्हणाल्या.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्यांचा चेहरा एकदम आवळला. फुटबोर्डावर लटकणाऱ्याला आत चला म्हणून दरडावतात ना, त्याच आवाजात त्या मला म्हणाल्या, "शिवानीला सांगा, आधी माझं चित्र काढ म्हणावं. मग बोलवा लोकाला." पुन्हा हॉर्न वाजला आणि त्या गेल्या. गेल्या त्या अगदी चित्रातल्यासारख्याच, पाठमोऱ्या.

मला आधी संतापच आला. इतकं सुंदर चित्र, आणि काढ म्हणे! मग खडकाला टेकून जरा विचार केला, तेव्हा माझा आवाज माझ्याच आत खाली आला. पाठ त्यांची, उंबरा त्यांचा, जाणं त्यांचं. अख्ख्या गावापुढे ते टांगायच्या आधी त्यांना कुणी विचारलं होतं? मीही नव्हतं विचारलं. जिची तसबीर, तिला नको असेल तर ती भिंतीवर राहायची नाही, हे मला कळत होतं, आणि शिवानीला ते कसं सांगायचं हे मात्र कळत नव्हतं.

सांगितलं शेवटी. शब्द न बदलता, जसंच्या तसं. तारेचं वेटोळं हातात घेऊन ती फरशीवर बसली, उजेडाच्या पट्ट्याबाहेर.

"मला मालूम होतं," ती म्हणाली. "तिला वाटलं असेल, पोरगी गाऱ्हाणं सांगायली सगळ्यांना."

"फोन कर. नीट विचार."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे बसची घरघर, घंटी, आणि "आगे बढो अम्मा, आगे बढो" चाललेलं.

"आई, मॅडमनी सांगितलं. खरंच काढू का?"

"मग! काढच. कधीच काढायला पायजे होतं."

"तुला... एवढं वाईट वाटलं?"

"वाईट वाटणार नाही का? उद्या येते मी." आणि फोन बंद झाला.

"येते म्हणाली," शिवानी माझ्याकडे बघून म्हणाली. "बारा वेळा बोलावलं तर नाही, आणि आता काढलं का नाही चेक करायला येते."

मग तिचा बांध फुटला. सगळंच रद्द करा म्हणाली. ताट, किल्ली, साडी, सगळं उतरवा, मला काही दाखवायचं नाही. मी तिला रडू दिलं, आणि रडून झाल्यावर ठणकावलं. "आई उद्या येणार म्हणाली ना? कशाला का येईना. ती आली तर दालन उघडं पाहिजे. एवढं एकच चित्र उतरवायचं. चल, धर खालून."

ऊन कलताना आम्ही दोघींनी ते उतरवलं. खडक ऊब सोडायला लागला होता आणि दालनात ती वेळ भरून आली होती, जेव्हा वस्तूंच्या कडा पुसट होतात. चित्र हातांत घेऊन चालताना वाटत होतं, की आम्ही एका झोपलेल्या बाईला उचलून आतल्या खोलीत निजवायला नेतो आहोत. ते भिंतीकडे तोंड करून ठेवताना शिवानी हळूच म्हणाली, "आता पाठ पण गेली." मला भडभडून आलं. मी दुसरीकडे बघत खिळे मोजल्यासारखं केलं.

भिंत रिकामी राहिली. तिथं दुसरं काही लावायला शिवानी तयार नव्हती, आणि त्या जागेवरचा दिवा बंद करायला मी तयार नव्हते. हट्ट म्हणा. पांढऱ्या भिंतीवर दाराएवढा उजेड तेवढा पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक आले. खूप आले. कॉलेजची पोरं आली, शिवानीच्या मैत्रिणी आल्या, सुलतान बाजारात राहणारे माझे दोन जुने मराठी शेजारी आले. कुजबुज, पावलं, अत्तराचे वास. लोक ताटापाशी थांबत, किल्लीपाशी थांबत, आणि मग त्या रिकाम्या उजेडापुढे येऊन का कोण जाणे गप्प होत. प्राचार्य तिथं बराच वेळ मान तिरकी करून उभे होते. "व्हेरी डीप, मॅडम," ते मला म्हणाले. शिवानी दारापाशी होती. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून तिचा चेहरा उजळायचा आणि पुन्हा विझायचा.

मनकर्णाबाई आल्या तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा ओळखलंच नाही. मोरपंखी सिल्कची साडी. कानात मोती. अंबाड्याऐवजी वेणी, तिच्यावर मोगरा. तोंडाला बेतानं पावडर. शिवानी "आई" म्हणून पुढे झाली, तर तिच्या गालाला हात लावून त्या पुढेच निघाल्या, गर्दीतून वाट काढत, सवयीनं लोकांना बाजूला सारत, थेट त्या रिकाम्या भिंतीपाशी. उजेडाकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

"जागा ठिवली का? बेस केलं." त्यांनी माझं स्टूल ओढलं आणि भिंतीला पाठ करून, सगळ्या लोकांकडे तोंड करून बसल्या. पर्स माझ्या हातात दिली. पदर सारखा केला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"हं," त्या शिवानीला म्हणाल्या. "काढ."

"काढलं ना आई. काल संध्याकाळीच काढलं."

"काढलं? कुठंय?"

"आत ठेवलंय. खोलीत."

"मी बसलेच नाही, तर कसं काय काढलंस?"

आणि मला एकदम समजलं. आमच्या धंद्यात चित्र लावतात आणि चित्र काढतात, म्हणजे उतरवतात. वर्षानुवर्षं मी हेच बोलत आले. परभणीकडची एक बाई लेकीला 'माझं चित्र काढ' म्हणते, तेव्हा ती काय मागत असते, हे माझ्यासारख्या मराठी बाईला कळू नये? आणि शिवानी तर पेंट करते, ड्रॉ करते. त्या अर्थाचं काढणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मी तिथंच, सगळ्यांसमोर, दोघींना सांगितलं.

मनकर्णाबाईंना हसू आलं नाही. "तुम्ही ते उतरवून ठिवलं?" त्या म्हणाल्या. "का म्हणून? चांगलं होतं की. पण पाठ होती ती. पाठ काय, कोणाची बी असते." मग त्या लेकीकडे वळल्या, आणि आवाज एकदम घरातला झाला. "पोरी, अख्ख्या बसला माझं तोंड माहितीय. अफझलगंजचे फळवाले खिडकीतून नाव घेऊन हाक मारतेत. आणि तू, पोटची, तू पाठ काढलीस. मला लई लागलं काल. गाडीत डोळे पुसत तिकटं फाडली मी. म्हणलं, हिनं मला कधी समोरून बघितलंच नाही का?"

शिवानीचा चेहरा पांढरा पडला. "मला येत नाही आई. तुझा फेस मला येत नाही."

"येत नाही तर बघ की. मी कुठं चालले? रजा टाकून आलेय आज."

मी दिवा फिरवला, मनकर्णाबाईंच्या तोंडावर आणला. शिवानीनं आतून कोळशाची कांडी आणली आणि कागद शोधायला लागली. "भिंतीवरच काढ," मी म्हणाले. भिंतीला पेन्सिल टेकवली म्हणून मी एकदा एका पोराला आठवडाभर दालनात येऊ दिलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी मला भिंतीचं काही वाटेना.

बाहेर व्हरांड्यात चहा आणि लुखमी, इकडचे चौकोनी समोसे, मांडले होते. लोक एकेक करून तिकडे सरकले, कुणी न सांगता, पाय न वाजवता. प्राचार्यसुद्धा. दालनात पंख्याचा आवाज तेवढा उरला. खडकाची ऊब आमच्या अंगावर येत होती, मोगऱ्याचा वास तिच्यात मिसळला होता, आणि घड्याळ बघायची इच्छा होत नव्हती. शिवानी कितीतरी वेळ कांडी हातात धरून नुसती उभी होती. आईकडे बघायची आणि नजर खाली घालायची. मनकर्णाबाई हलल्या नाहीत. पापणीसुद्धा जपून मिटत होत्या. शेवटी स्टुलाशेजारच्या उजेडात पहिली रेघ उमटली, कपाळाची. मग केसांची कड. मग नाक, पुसून पुन्हा नाक. मी बाजूला उभी राहून बघत होते, आणि जागी आहे की नाही हे मला पुन्हा सांगता येत नव्हतं.

डाव्या भुवईशी आल्यावर शिवानी थांबली. पुढे झाली. इतकी पुढे, की तिचं नाक आईच्या नाकाला लागलं असतं. काळ्या बोटानं तिनं भुवईजवळची पावडर पुसली. खाली एक जुनी, पांढुरकी खूण होती, भुवईला मधोमध दुभंगणारी.

"हे काय आहे?"

"लागलेलं. दगड लागला होता."

"कधी?"

"लई जुनं आहे," मनकर्णाबाई ओठ न हलवायचा प्रयत्न करत म्हणाल्या. "तू व्हायच्या आधीचं."

शिवानी तशीच वाकून बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. ते पुसायला मनकर्णाबाईंचा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि मध्येच थांबला. तो हात तसाच हवेत धरून त्यांनी घाबरत विचारलं, "हलू का?"

"नक्को," शिवानी म्हणाली. "बस अजून."